मोगलाईच्या सरहद्दीवर : अक्कलकोट, परवाने आणि परका माणूस

आजचा विषय पासपोर्ट आणि व्हिसा. अक्कलकोटात बसून या विषयावर बोलायचं म्हटल्यावर आयोजकांनीही जरा दचकून पाहिलं. इथे माणसं येतात ती स्वामींच्या दर्शनाला, फार तर जुन्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला. विमानतळाशी, दूतावासाशी या गावाचा काय संबंध? पण परदेशप्रवेश म्हणजे फक्त समुद्र ओलांडणं अशी आपली जी समजूत झाली आहे, ती फार तर शंभर वर्षांची आहे. त्याआधी, आणि खरं तर अगदी 1948 पर्यंत, इथून चार-पाच कोस चालत गेलं की माणूस दुसऱ्याच्या राज्यात पोचत असे.

आजच्या एका नेहमीच्या यात्रेपासून सुरुवात करू. पुण्या-मुंबईकडची मंडळी गाडी करून निघतात आणि दोन-तीन दिवसांत पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून परत येतात. आता ही चार ठिकाणं 1940 सालच्या नकाशावर ठेवून पाहा. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात, ज्याला आपले लोक खालसा मुलूख म्हणत. तुळजापूर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यात. अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान, भोसल्यांचं. आणि भीमा-अमरजेच्या संगमावरचं गाणगापूर पुन्हा निजामाकडे, गुलबर्गा जिल्ह्यात. एका यात्रेत तीन राजवटी! मंगळवेढ्याला वळसा घातला तर चौथी, कारण मंगळवेढं सांगली संस्थानात होतं. स्वामी मंगळवेढ्याहून सोलापूरमार्गे 1857 च्या सुमारास इथे आले असं मानतात. म्हणजे त्यांनीही दोन हद्दी ओलांडल्याच, पण त्यांच्याकडे दस्तक कोण मागणार?

दस्तक हा शब्द मुद्दाम वापरला. इंग्रज येण्याच्या आधीपासून आपल्याकडे राहदारी, दस्तक, परवाना हे शब्द रुळलेले आहेत. घाटातून, नदीच्या उतारावरून, किल्ल्याच्या वाटेवरून जायचं तर कागद लागे. त्याहून मागे गेलात तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. तो पैसे घेऊन मुद्रा देई आणि मुद्रा असलेल्यालाच जनपदात येता-जाता येई. तेव्हा प्रवाशाला अडवून कागद मागणं हा साहेबाचा शोध नव्हे. साहेबानं काय केलं, तर हा माणूस कोणाचा, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला. आणि अक्कलकोटकरांची अडचण तिथेच सुरू झाली.

ती अडचण नीट समजून घेऊ. अक्कलकोट संस्थान अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. छत्रपती शाहूंनी पारदच्या राणोजी लोखंड्यांना मुलासारखं वाढवलं, फत्तेसिंह भोसले हे नाव दिलं आणि अक्कलकोटचा मुलूख दिला. सातारचं राज्य 1848 साली खालसा झालं, तसे अक्कलकोटकर थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. सोलापूरचा कलेक्टर हाच संस्थानचा पोलिटिकल एजंट. संस्थान केवढं, तर जेमतेम पाचशे चौरस मैल. 1901 च्या खानेसुमारीत वस्ती 82 हजार. उत्तरेला निजाम, पूर्वेला बराचसा निजाम, पश्चिमेला इंग्रजी सोलापूर, दक्षिणेला विजापूर जिल्ह्यातलं इंडी.

अशा संस्थानातला माणूस कोणाची प्रजा? भोसल्यांची. इंग्रजांची नाही. 1864 साली सरकारनं परकीय व्यक्तींचा कायदा केला. त्यात सरकारला परक्या माणसाला ब्रिटिश हिंदुस्थानातून निघून जा असा हुकूम करता येत होता, आणि परका म्हणजे जो ब्रिटिश प्रजाजन नाही तो. आता कायद्याचं अक्षर धरलं तर बाजाराला सोलापूरला आलेला अक्कलकोटचा शेतकरी परका ठरतो! रोज कोणी त्याला हाकलत नव्हतं हे खरं, सोलापूरची पेठच बसली असती. पण तलवार टांगलेली होती. ती काढायला बराच काळ गेला. 1939 साली परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला तेव्हा त्यात, आणि मग 1946 च्या कायद्यातही, परक्याच्या व्याख्येतून संस्थानी राजे आणि त्यांची प्रजा यांना स्पष्ट शब्दांत वगळावं लागलं. एखाद्याला वगळावं लागतं, याचा अर्थ वगळलं नसतं तर तो सापडला असता.

परदेशी जायचं झालं तर पेच आणखी मजेशीर. आगबोटीनं विलायतेला जाणाऱ्याकडे पहिल्या महायुद्धाआधी पासपोर्ट असायलाच हवा असं नव्हतं. युद्धात सक्ती आली, ती युद्ध संपल्यावरही गेली नाही, आणि 1920 साली हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा झाला. आता सोलापूरच्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टावर ब्रिटिश प्रजाजन लिहिलेलं असे. अक्कलकोटच्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टावर ब्रिटिश संरक्षित व्यक्ती. पुस्तिका तीच, मुकुट तोच, बोटही तीच. फरक एका ओळीचा. पण एक इंग्रज राजाचा माणूस आणि दुसरा त्याच्या छत्राखालचा पाहुणा. दोघांच्या गावांत अंतर किती, तर रेल्वेनं तासाभराचं.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात नवलाची गोष्ट रेल्वेच्या रुळांवर घडली. मुंबईहून मद्रासकडे जाणारी लाइन सोलापूर, होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, गुलबर्गा अशी जाते. दुधनी अक्कलकोटचं. दुधनी सोडली की मोगलाई. आपल्याकडे निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायची जुनी पद्धत आहे. "ही काय मोगलाई लागून गेली का" असं आपण अजून रागावून म्हणतो. पण रुळांची जमीन, स्टेशनं यांच्यावरचा अंमल निजामानं इंग्रजांना दिलेला होता. म्हणजे डब्यात बसलेला माणूस मोगलाईतून जात असूनही इंग्रजी कायद्याखाली, आणि फलाटाची पायरी उतरला की निजामाच्या राज्यात. हा अंमल नेमका किती, यावर खटला थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हैदराबाद राज्यातल्या एका स्टेशनवर सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर एका माणसाला पकडलं होतं. 1897 साली कौन्सिलनं सांगितलं, निजामानं दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता आहे, रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी तिथे पकडता येणार नाही, अटक बेकायदा. फलाटावर उभं राहूनही आपण कुठल्या देशात आहोत हे वकील लावून विचारावं लागत होतं, असा तो काळ.

पायी किंवा बैलगाडीनं जाणाऱ्याला असले प्रश्न पडत नसत. त्याला भेटे तो करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात, मालाच्या किमतीवर साधारण शेकडा पाच. आळंद, नळदुर्गाकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरच्या पेठेत यायची आणि परतताना नाकेदार गाठोडं सोडायला लावायचा. नवं लुगडं अंगावर नेसून नेलं तर ते कापड की कपडा, हा वाद कुठल्याही सरहद्दीवर होतो तसा इथेही. शिवाय नाणं वेगळं. इकडे कलदार, तिकडे हाली शिक्का. सात हाली दिले की सहा कलदार, असा ढोबळ हिशोब लोकांच्या तोंडी असे. टपालाची तिकिटं वेगळी. दरबारी भाषा उर्दू. आणि नोकरी हवी असेल तर मुल्की की गैरमुल्की हा प्रश्न. सोयरीक मात्र हद्द बघून होत नव्हती. इकडची लेक तिकडे, तिकडची इकडे. मराठी, कानडी दोन्ही घरांत हेच.

मोगलाईत शिरायला कागद लागत नव्हता, पण सरकारला नको असलेल्याला शिरकाव नव्हता. याचं उदाहरण 1938-39 चं. डिसेंबर 1938 मध्ये सोलापुरात आर्य समाजाची मोठी परिषद झाली, अध्यक्ष लोकनायक बापूजी अणे. पुढच्या महिन्यांत देशभरातून सत्याग्रहींच्या तुकड्या सोलापूरला येत आणि तिथून रेल्वेनं गुलबर्ग्याकडे जात. नारायण स्वामींना पहिल्यांदा राज्याबाहेर काढून दिलं, ते पुन्हा शिरले, मग गुलबर्ग्याला अटक झाली. या सत्याग्रहात हद्द ओलांडणं हीच मोठी कृती होती. त्या गाड्या अक्कलकोट रोडवरून जात होत्या, हे इथल्या श्रोत्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता येतो तेरा महिन्यांचा काळ, आणि इथे सूर बदलावा लागतो.

15 ऑगस्ट 1947 ला भारत स्वतंत्र झाला. निजामानं जूनमध्येच फर्मान काढून सांगितलं होतं की आपण कोणालाच मिळणार नाही. नोव्हेंबर अखेरीस जैसे थे करार झाला, पण हैदराबादनं भारतीय चलनावर बंदी घातली, भारतानं मालाची कोंडी केली. तिकडे 8 मार्च 1948 ला अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. इतकी वर्षं दोन राजांमधली जी हद्द होती ती आता भारत आणि स्वतःला स्वतंत्र म्हणवणारं हैदराबाद यांच्यामधली झाली. दुधनीच्या पुढचं स्टेशन परदेशात! 22 मे 1948 ला त्याच गाणगापूर स्टेशनवर मद्रास-मुंबई मेलवर रझाकारांनी हल्ला केला. सोलापूर जिल्ह्यात निर्वासित येत होते, स्टेट काँग्रेसचे सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले होते. ज्या वाटेनं बस्त्याची गाठोडी जात त्याच वाटेनं माणसं जीव घेऊन इकडे आली. 13 सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींची मुख्य फौज सोलापूरहून निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, आणि 17 तारखेला सगळं संपलं.

संपलं असं पुस्तकात लिहितात. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांवर जे झालं, त्याची चौकशी करायला सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सर्वात जास्त झळ याच चार जिल्ह्यांना बसली असं तिनं नोंदवलं. चारांपैकी दोन जिल्हे आपल्या शिवेला लागून आहेत, म्हणून इथे बोलताना ते टाळणं बरं नाही. या धामधुमीत काही कुटुंबं कराचीला गेली. जुलै 1948 पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू झालं होतं, ऑक्टोबर 1952 पासून पासपोर्ट आणि व्हिसा. राज्यघटनेचं कलम 7 सांगतं, 1 मार्च 1947 नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस कायम वस्तीचं परमिट घेऊन परतला तरच नागरिक. तात्पुरत्या परमिटवर आईला भेटायला आलेला मुलगा, मुदत संपली की स्वतःच्या जन्मगावात परका. 1864 च्या कायद्यातली जी तलवार शेतकऱ्यावर कधी पडली नाही, ती इथे खरोखर पडली. करोडगिरीच्या गोष्टी आपण हसत ऐकतो. ही गोष्ट घरांतून सांगितलीच जात नाही.

दुधनीपुढची रेघ पुढे आणखी एकदा बदलली. 1 नोव्हेंबर 1956 ला गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, अक्कलकोट मुंबई राज्यात राहिलं. महाजन आयोगानं 1967 साली अक्कलकोट तालुका तिकडे द्यावा अशी शिफारस केली, महाराष्ट्रानं ती मानली नाही. तो वाद मोठा आहे, त्याला वेगळं व्याख्यान लागेल. पण वाद कितीही तापला तरी गाणगापूरच्या एस.टी.त बसायला कोणी कागद मागितला नाही. अपवाद एकच. फेब्रुवारी 2021 मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्याला आर.टी.पी.सी.आर.चा निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला आणि हद्दीवर नाके बसले. आमच्यातले काहीजण तेव्हा एका नाक्यावर अडकले होते. मागच्या गाडीतले एक म्हातारे गृहस्थ खाली उतरले, बॅरिकेडकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बसवला का परत करोडगिरीचा नाका?" पोलिसाला काही कळलं नाही.

1920 चा तो पासपोर्ट कायदा, 1939 चा नोंदणीचा आणि 1946 चा परकीयांचा, हे तिन्ही 2025 सालच्या नव्या कायद्यानं रद्द झाले. भक्तनिवासात परदेशी पासपोर्टचा भक्त उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती द्यायची, ही जबाबदारी मात्र चालूच आहे. परवा अमेरिकेहून आलेल्या एका बाईंकडे इथे पासपोर्ट मागितला तेव्हा त्या चिडल्या. म्हणाल्या, अहो, माझं माहेर दुधनीचं. कारकुनानं फॉर्म भरून घेतला, आणि मग चहा सांगितला.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी करोडगिरीच्या पावत्या, हाली शिक्क्याची नाणी, संस्थानी काळातला एखादा पासपोर्ट असेल तर जरूर दाखवा, फोटो काढून लगेच परत देऊ. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत हात वर आहे, बोला आजोबा.