बोईसरची पांढरी-हिरवी वेल

यवतमाळ, वणी, पुसदच्या कितीतरी बैठकींत बाटलीतून वर चढणारा मनीप्लांट दिसतो. त्याचं मूळ ठिकाण मात्र पॅसिफिक महासागरातलं मोरेआ बेट. 1880 मध्ये त्याला ‘पोथॉस ऑरियस’ हे नाव मिळालं, 1964 मध्ये ‘एपिप्रेम्नम ऑरियम’. ही वेल सहसा फुलतच नाही, आणि फुलांशिवाय कूळ ठरवणं कठीण. ती का फुलत नाही, हे 2016 मध्ये उलगडलं: जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं जनुक तिच्यात नीट काम करत नाही.

म्हणजे जगभर ती पसरली, ती पेरांच्या कलमांवर.

2002 मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोईसरच्या एका हरितगृहात, ‘मार्बल क्वीन’ जातीत एक वेगळंच रोप निघालं: पानं लहान, पांढरे-हिरवे पट्टे ठसठशीत. तेच ‘एन-जॉय’. अमेरिकेत त्याला पेटंट मिळालं, परदेशी खिडक्यांत ते पोचलं. महाराष्ट्रात जन्मलेल्या या वेलीचं कौतुक इथे फार कमी झालं, याची खंत वाटते.

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून वाढ संथ. यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीजवळ जातो. थेट उन्हात पांढरी कड आधी करपते, अंधारात नवी पानं हिरवी पडू लागतात. पूर्वेच्या खिडकीजवळ, कूलरच्या झोतापासून दूर कुंडी ठेवावी. वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावं. अख्खी हिरवी फांदी फुटली, तर लगेच छाटावी. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, तेव्हा रांगत्या मुलांच्या हाताला ती लागू देऊ नका.