स्तनांची फेरतपासणी : आठवण कुणी आणि कशी करून द्यायची?

‘मागच्या शिबिरात दाखवलं होतं, काही निघालं नाही.’ ब्रेस्ट कॅन्सरच्या तपासणीचा विषय निघाला की आपल्या रत्नागिरीतल्या घरांत हे उत्तर नेहमी ऐकू येतं. पण त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी हाताला काही लागलं नाही. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा आज पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून ठराविक काळाने पुन्हा दाखवावं लागतं.

किती वर्षांनी?
सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी हातांनी तपासणी करायची असते. गावची आशाताई ३० वर्षांवरील सगळ्यांचा फॉर्म भरते आणि उपकेंद्रात पाठवते. तपासणी बाईनेच करावी असं वाटत असेल तर तसं आधीच विचारून घ्यावं, त्यात संकोच नको. आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर किती दिवसांनी यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

फरक पडतो का?
टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातांनी तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही.

आठवणीचं काम
लंडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तपासणीच्या दोन दिवस आधी मोबाइलवर मेसेज गेला तेव्हा येणाऱ्या स्त्रिया ५९ वरून ६४ टक्क्यांवर गेल्या. खर्च एका मेसेजचा! आपल्याकडे अडचण वेगळी आहे. शिबिरात नंबर लिहिला जातो तो बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा, आणि तो असतो आखातात नाहीतर होडीवर. मेसेज पोचतो, पण जिच्यासाठी आहे तिला कळत नाही. म्हणून आम्ही सुचवतो :

• नंबर त्या बाईचा स्वतःचा द्या. तिला वाचता येत नसेल तर लेकीचा किंवा सुनेचा.
• ‘रोजे झाले की जाऊ’ असं ठरवू नका. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, हिशेब चुकतो. तपासणीच्या कागदावरच पुढचा महिना आणि साल लिहा आणि कागद रेशनकार्डाजवळ ठेवा.
• शाळेत जाणाऱ्या मुलीला अम्मी, खाला, नानी यांच्या तारखा वहीत लिहायला सांगा.
• बायकांच्या इज्तिमात, बचत गटात ‘यंदा कुणाची पाळी?’ एवढं विचारा. दोघी-तिघी मिळून गेल्या की भीती कमी होते.

आठवणीची वाट कधी पाहू नये?
स्तनात किंवा काखेत गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, बोंड आत ओढलं गेलं, कातडीला खळी पडली, तर तारीख लांब असली तरी त्याच आठवड्यात दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. जिल्ह्यातच, चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात. पैशाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल तिथेच विचारा.

पुरुषांनाही एक विनंती : मेसेज तुमच्या फोनवर आला, तर तो त्याच दिवशी घरी सांगा.