गायकवाड, सयाजीराव (तिसरे)

(११ मार्च १८६३ – ६ फेब्रुवारी १९३९). बडोदा संस्थानचे अधिपती व दाते. जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात. मूळ नाव गोपाळराव. राणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले, १८८१ अखेर राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

शाळा, ग्रंथालये यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण एकेका गरजू माणसामागे ते उभे राहिले, हे कार्य तितकेच मोठे होय. शिक्षक-लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या शब्दावरून त्यांनी भीमराव आंबेडकरांना पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. वडिलांच्या निधनाने भीमरावांवर संसाराचा भार पडला, त्याच १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, असा करार होता. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून शहरात त्यांना कोणी बिऱ्हाड देईना. पारशी धर्मशाळेतून सामानासह बाहेर काढल्यावर त्यांना नोकरी सोडावी लागली. राजाच्या औदार्याला जातीच्या भिंती ओलांडता आल्या नाहीत, ही खंत नोंदवलीच पाहिजे. तरी त्या पौंडांवर झालेले शिक्षण पुढे देशाच्या कामी आले.

विठ्ठल रामजी शिंदे यांच्या शिक्षणालाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीचा आधार होता. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे सयाजीराव अध्यक्ष होते. मुंबईत निधन.