आठ दशांश सेकंदाची चूक

रिअ‍ॅक्शन टाइमचा पहिलावहिला डेटा हातात आला, तेव्हा मी सगळ्यात आधी एका सहभागीच्या नोंदी काढून टाकल्या. इतरांपेक्षा तो प्रत्येक वेळी उशिरा बटण दाबत होता. ‘याचं लक्ष नव्हतं’ असं वहीत लिहून मी मोकळी झाले. पुढे प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास वाचताना कळलं, की अशाच उशिरापायी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाची नोकरी गेली होती.

त्याचं नाव डेव्हिड किनेब्रूक. इंग्लंडच्या ग्रिनिच वेधशाळेत तो प्रमुख खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांचा साहाय्यक होता. दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेमागून एखादा तारा नेमका कधी सरकतो, याची वेळ नोंदवणं हे त्याचं काम. पद्धत अशी : आधी घड्याळ बघायचं, मग डोळा दुर्बिणीला लावून सेकंदांचे ठोके मोजायचे. एका ठोक्याला तारा तारेच्या अलीकडे, पुढच्या ठोक्याला पलीकडे. मधलं अंतर नजरेने विभागून सेकंदाचा दशांश ठरवायचा. म्हणजे डोळा आणि कान दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष हवं.

१७९४ मध्ये दोघांच्या नोंदी जुळत होत्या. ऑगस्ट १७९५ पासून किनेब्रूक अर्धा सेकंद मागे पडू लागला. मॅस्केलिननी त्याला ते सांगितलंही. पण १७९६ च्या जानेवारीपर्यंत फरक ०.८ सेकंदांवर गेला. ०.८ सेकंद म्हणजे काय? तेवढ्या वेळात विषुववृत्तावरचा बिंदू पृथ्वीच्या फिरण्याने सुमारे ३७० मीटर सरकतो. घड्याळाची अचूकता ज्या वेधांवर तपासायची, तिथे हे चालणार नव्हतं. किनेब्रूकला काढून टाकण्यात आलं. तो स्वतःचीच काहीतरी चुकीची पद्धत वापरतोय, असं मॅस्केलिन यांचं मत झालं होतं.

इथे एक प्रश्न कुणी विचारला नाही. मॅस्केलिन बरोबर कशावरून? ते वरिष्ठ होते, म्हणून त्यांची वेळ प्रमाण धरली गेली, एवढंच.

हा प्रसंग वेधशाळेच्या छापील नोंदींत राहिला आणि पुढे क्योनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेल यांच्या नजरेस पडला. बेसेल स्वतः अत्यंत काटेकोर निरीक्षक. त्यांना शंका आली, की इतकी ताकीद मिळूनही माणूस सुधारत नसेल, तर हा निव्वळ निष्काळजीपणा असेल का? मग त्यांनी इतर कसलेल्या खगोलशास्त्रज्ञांशी स्वतःची तुलना सुरू केली. १८२३ मध्ये आर्गेलांडर यांच्याशी तुलना केली, तर फरक निघाला १.२ सेकंदांहून जास्त! किनेब्रूकच्या ‘चुकी’पेक्षाही मोठा, आणि इथे तर दोघेही नावाजलेले. या फरकाला पुढे ‘पर्सनल इक्वेशन’ म्हणू लागले. एका निरीक्षकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींशी जुळवायच्या तर किती सेकंद मिळवायचे किंवा वजा करायचे, तो हिशेब.

खगोलशास्त्रज्ञांना हा फरक घालवायचा होता. तो नक्की कशामुळे पडतो, हे शोधायला निघाले ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याच क्योनिग्सबर्गमध्ये १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. उत्तर आलं सेकंदाला काही दहा मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी! १८६८ मध्ये उट्रेख्टच्या डोंडर्स यांनी पुढची युक्ती काढली. साध्या प्रतिक्रियेचा वेळ मोजा, मग डावं-उजवं निवडायला लावून पुन्हा मोजा आणि वजाबाकी करा. उरलेला वेळ ओळखण्याचा आणि निवडण्याचा. तो निघाला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग. विचाराला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, हे आता आकड्यात दिसत होतं. १८७९ मध्ये वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा उघडली, तेव्हा प्रतिक्रियाकाल आणि अवधान हे तिथले मुख्य विषय झाले.

पाठ्यपुस्तकांत ही कथा किनेब्रूकपासून वुंटपर्यंत सरळ रेषेत येते. तसं समजू नका. खगोलशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे दोन वेगळे प्रवाह होते. ते इथे एकत्र आले. पण आपल्या कामाचा मुद्दा बेसेल यांच्या कृतीत आहे. लक्ष उडालेल्या माणसाच्या नोंदी सहसा इकडेतिकडे विखुरतात. किनेब्रूकचा फरक मात्र एकाच दिशेला होता.

तेव्हा ‘आउटलायर’ म्हणून एखादी ओळ खोडण्याआधी दोन गोष्टी बघा. फरक विखुरलेला आहे की एकाच बाजूला? आणि तो कुणाच्या तुलनेत आहे? नोंदी कधी वगळायच्या याचा नियमही डेटा बघण्याआधीच लिहून ठेवा. मी तो सहभागी पुन्हा विश्लेषणात घेतला. त्याचा वेळ संथ होता, पण उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर होती. घाईने बटण दाबणाऱ्यांच्या चुका त्याच्यापेक्षा जास्त होत्या, आणि त्या तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.