वाट उघडण्याची तिथी : वेरूळ ते केदारनाथ

डोंगरातील वाट बारा महिने सारखी नसते, आणि ती चालण्याजोगी केव्हा होते हे ठरवण्याचा भार परंपरेने एकट्या वाटसरूवर क्वचितच टाकला आहे. दख्खनच्या पठारावर आणि सह्याद्रीत ही वाट पाऊस अडवतो, हिमालयात ती हिवाळ्यातील बर्फ अडवते. दोन्ही प्रदेशांत हा अडसर दूर होण्याचा काळ व्रत, सण आणि यात्रा यांच्या तिथींशी बांधला गेला. वेरूळ या गावाचा संबंध या दोन्ही कालगणनांशी येतो. पावसाळ्यात प्रवास थांबवणाऱ्या तीन धर्मपरंपरांची लेणी तेथे एकाच कड्यात कोरलेली आहेत, आणि तेथील घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग यात्रेकरूच्या मनात थेट हिमालयातील केदारनाथाशी जोडलेले आहे.

वेरूळची ३४ लेणी पश्चिमेकडे तोंड असलेल्या बेसाल्टच्या कड्यात सुमारे २ किलोमीटर पसरली आहेत. त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन लेणी होत. पावसाळ्यात माथ्यावरचे पाणी या कड्यावरून ठिकठिकाणी खाली कोसळते, आणि २९व्या लेण्याजवळ येळगंगेचा ओढा ‘सीतेची न्हाणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धबधब्याच्या रूपाने उतरतो. उन्हाळ्यात जो कातळ कोरडा असतो, त्यावर या दिवसांत शेवाळ धरते, ओढ्यांचे उतार बंद होतात आणि पायवाटा चिखलात हरवतात. येथे पावसाळी मुक्कामाची गरज का भासली असेल, हे या भूगोलावरूनच स्पष्ट होते.

बौद्ध परंपरेत या मुक्कामाला ‘वर्षावास’ म्हणतात. एरवी सतत फिरत राहणाऱ्या भिक्षूंनी आषाढ पौर्णिमेनंतरचे तीन महिने एकाच ठिकाणी राहावे, असा हा नियम आहे. पावसात भिक्षू हिंडतात, हिरवे अंकुर तुडवतात आणि त्यांच्या पायांखाली बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार झाल्यावर तो घालून दिला गेला, असे विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, सांगितले आहे. पाचव्या लेण्याच्या मोठ्या दालनात जमिनीतूनच कोरून काढलेले दोन लांबलचक, बुटके बाक समोरासमोर आहेत. भिक्षूंनी ओळीने बसून जेवण किंवा पठण करण्यासाठी ते असावेत असे मानले जाते, आणि समूहाने एकत्र काढलेल्या अशा मुक्कामाची कल्पना या बाकांवरून येते. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास ‘प्रवारणा’ होते. या विधीत भिक्षू आपल्याकडून घडलेल्या चुका दाखवून देण्याची विनंती एकमेकांना करतात, आणि त्यानंतर पुन्हा वाटेला लागण्यास मोकळे होतात.

जैन साधूंचा चातुर्मास कार्तिक पौर्णिमेला संपतो. गुजरातमधील शत्रुंजय डोंगराची यात्रा चातुर्मासात बंद राहून याच दिवशी पुन्हा सुरू होते, म्हणजे संपूर्ण डोंगर उघडण्याची तिथीच तेथे ठरलेली आहे. हिंदू चातुर्मास आषाढी एकादशीला सुरू होऊन कार्तिकी एकादशीला सरतो. तीन परंपरांच्या तिथी थोड्याफार वेगळ्या असल्या तरी पाण्याचा जोर ओसरल्याशिवाय वाट धरायची नाही, हा हिशेब तिघींतही एकच आहे.

याच हिशेबाला मराठ्यांच्या इतिहासात लष्करी रूप मिळाले. वेरूळशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या मालोजीराजे भोसल्यांच्या वंशातून पुढे जे राज्य उभे राहिले, त्याच्या फौजा पावसाळ्यात छावणीत राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणे. आज तो प्रामुख्याने सोने लुटण्याचा सण राहिला असला, तरी त्यामागे नद्यांचे उतार पायी ओलांडण्याइतके उथळ होणे, घाटवाटा वाळणे आणि जनावरांसाठी गवत तयार असणे, अशा तीन गोष्टींची पक्की जाण होती.

बर्फ मात्र वेरूळने कधी पाहिले नाही. तरीही बर्फाच्छादित पर्वताची सर्वांत भव्य प्रतिमा याच गावात आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, ८व्या शतकात, माथ्याकडून खाली कोरत आणलेले १६वे लेणे कैलास या नावाने ओळखले जाते. त्याच्या भिंतींवर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष अजून दिसतात. एके काळी सगळे मंदिर असे पांढरे असताना ते हिमाच्छादित कैलासासारखे भासत असावे, असे अभ्यासकांनी सुचवले आहे. दक्षिण अंगाला कैलास हलवू पाहणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. वर शिव निश्चल आहे आणि खाली पर्वताला हात घालणारा रावण दबून गेला आहे. बळाने पर्वत वश होत नाही, हा त्या कथेचा आशय तेथे दगडात उतरला आहे.

प्रचलित द्वादशज्योतिर्लिंग स्तोत्रात हिमालयातील केदारानंतर लगेच घृष्णेश्वराचे नाव येते. १८व्या शतकात घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करवणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे धर्मकार्य केदार-बदरीपर्यंत पोहोचले होते. सुमारे ३,५८० मीटर उंचीवरचे केदारनाथ मंदिर भाऊबीजेला बंद होते आणि उत्सवमूर्ती खाली उखीमठला येते. मंदिर पुन्हा केव्हा उघडायचे तो मुहूर्त महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो, तर बदरीनाथचा मुहूर्त वसंतपंचमीला नरेंद्रनगर येथे ठरतो. उघडण्याचा दिवस सहसा एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत येतो. त्याआधी पंचमुखी डोली, म्हणजे पाच मुखे असलेल्या उत्सवमूर्तीची पालखी, गुप्तकाशी, फाटा आणि गौरीकुंड असे मुक्काम करीत टप्प्याटप्प्याने वर चढते.

या व्यवस्थेची खरी कसोटी ज्या वर्षी हिवाळा जड जातो त्या वर्षी लागते. तिथी पंचांगावरून ठरते, पण बर्फ पंचांग पाहून वितळत नाही. म्हणून अशा वर्षी डोली निघण्यापूर्वी मजूर फावड्यांनी बर्फ कापून वाट काढतात, आणि पहिले यात्रेकरू दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंतींमधून चालतात. जून संपत येतो तसा पाऊस गढवालात पोहोचतो. त्यामुळे बर्फ आणि पाऊस यांच्यामध्ये चालण्यासाठी जेमतेम सहा ते आठ आठवडे उरतात, आणि बर्फ जास्त असेल तर हा अवधी अलीकडच्या टोकाने आणखी आखडतो. या दिवसांत उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ सर्वांत उशिरापर्यंत टिकते. पहाटे घट्ट असलेला त्याचा पृष्ठभाग दुपारी मऊ होऊन पाय खचतो. सकाळी सहज ओलांडता येणारा ओढा उन्हाबरोबर वितळलेल्या पाण्याने फुगतो, आणि ओढ्यावर साचलेले बर्फाचे छत खालून पोकळ होत गेलेले वरून कळत नाही. सह्याद्रीत पाऊस थांबला की ओढा उतरत जातो. हिमालयात मात्र आकाश निरभ्र झाले की ओढा चढतो. सह्याद्रीत तयार झालेल्या गिर्यारोहकाला ही सवय मुद्दाम बदलावी लागते.

बर्फ आणि पाऊस हे दोन अडसर एकमेकांना भिडले की काय होते, ते २०१३ साली दिसले. त्या वर्षी पाऊस लवकर आला. १६ आणि १७ जूनला अतिवृष्टी, वितळणारे बर्फ आणि मंदिराच्या वरच्या अंगाला असलेल्या चोराबारी सरोवराचे फुटणे, हे सारे एकत्र येऊन मंदाकिनीच्या खोऱ्यात महापूर आला. रामबाडा हा वाटेवरचा मुक्काम वाहून गेला, हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि पुढे वाटेचा काही भाग नदीच्या दुसऱ्या तीरावरून नव्याने बांधावा लागला.

केदारच्या वाटेवर डोली पुढे असते आणि तिच्याही पुढे फावडी असतात. ज्या खिंडींत आणि गवताळ माथ्यांवर कोणतीही डोली जात नाही, तेथे हंगामाच्या सुरुवातीला जाणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्यांना हे अग्रदूताचे काम स्वतःच करावे लागते. मागे सरकणाऱ्या बर्फाच्या पाठोपाठ वर जाणाऱ्या मेंढपाळांना विचारणे, ओढे सकाळीच ओलांडता येतील असे मुक्काम ठेवणे, शिधा आणि दिवस दोन्ही हाती जास्त राखणे आणि वाट तयार नसेल तर परत फिरणे, हे सारे त्यात येते. वेरूळच्या पाचव्या लेण्यातील बाकांवर बसून पाऊस सरण्याची वाट पाहणाऱ्या भिक्षूंसाठी ते तीन महिने प्रवासाचाच भाग होते. पाऊस असो वा बर्फ, थांबण्याचे दिवसही प्रवासाच्या दिवसांतच मोजले पाहिजेत, ही त्यांची शिस्त आजच्या डोंगरयात्रेच्या आखणीतही तितकीच आवश्यक आहे.