सोतोबा : न जाळणाऱ्यांचे गाव

‘शिकी’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथामालिका, वाचताना मी गावाच्या नावाशीच अडखळलो. गाव सोतोबा. जपानीत सोतोबा म्हणजे थडग्यामागे उभी करायची लाकडी फळी. हा शब्द आपल्या ‘स्तूपा’चाच, चीनमार्गे तिकडे गेलेला. त्या फळीवर अनेकदा सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरेही असतात.

फुयुमी ओनो यांच्या १९९८ च्या कादंबरीवरून र्‍यू फुजिसाकी यांनी ही मालिका ११ खंडांत रेखाटली. सोतोबात एका उन्हाळ्यात माणसे भराभर मरतात आणि पुरलेली काही उठून रक्त प्यायला येतात. ओनोंनी कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ला अर्पण केली आहे, पण हे अमेरिकी भूत जपानात आणणे सोपे नव्हते. प्रेत उठायचे तर ते पुरलेले हवे, आणि आजच्या जपानात जवळपास सर्वांचे दहनच होते.

ही सार्वत्रिकता मात्र अलीकडची. मेइजी सरकारने १८७३ मध्ये दहनाला बौद्ध रीत मानून त्यावर बंदीच घातली होती. शहरांत दफनाला जागा पुरेना, तेव्हा १८७५ मध्ये ती उठली. खेड्यापाड्यांत दफन विसाव्या शतकातही चालू होते. म्हणून ओनोंचे डोंगरातले गाव मला निव्वळ कल्पित वाटत नाही. तो इतिहासाचा मागे उरलेला तुकडा आहे.

शेवटी गावकरी उठलेल्या आपल्याच माणसांना ठार करतात आणि वणव्यात गावही जाते. ज्यांनी मृतांना कधी अग्नी दिला नाही, त्यांच्या वाट्याला अखेर अग्नीच आला.