शेतकऱ्यास सल्ला कोणाचा?

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि आमच्या श्रीरामपूर भागात प्रवरेचे पाणी पाटाने खेळू लागले. परंतु ते पिकास किती द्यावे, ही विद्या पाण्याबरोबर वाहत येत नाही! हरेगावच्या बेलापूर कंपनीजवळ ती होती, पण मुख्यतः स्वतःच्या मळ्यांपुरती. सरकारने १९३२ मध्ये पाडेगावी ऊस-संशोधन आरंभिले. तेथून प्रसृत झालेले को ७४० शिवारोशिवारी पोचले. १९६८ मध्ये राहुरीचे कृषि विद्यापीठ, १९९२ मध्ये बाभळेश्वरचे कृषि विज्ञान केंद्र निघाले. दुसऱ्यात पैसा सरकारचा व कारभार प्रवरेच्या संस्थेचा.

आज शेतकरी प्रथम गाठतो औषधविक्रेत्यास. त्याचा सल्ला फुकट, डबा मात्र विकत! जमीन चोपण झाली, पाणी कमी द्या, चर खणा, हे सांगण्यात त्यास लाभ कोणता? ज्ञातिबांधवांनी माती घेऊन आधी बाभळेश्वर गाठावे, अशी आमची विनंती आहे.